रक्तगर्भ द्राक्षांच्या बागेची हकीकत

श्रीगजानन साक्ष, वेलीची कृपा, आणि लिहिणाराचें डोकें ठिकाणावर. शके सोळाशें एकुणसत्तर, प्रभवनाम संवत्सरीं, कोणे एके राज्यीं वर्तमान जाहलें तें येणेंप्रमाणें.

त्या राज्यांत अवघे बागवान हिरवीं द्राक्षें पिकवीत, वाळवून मनुका करीत आणि सुखें निजत. त्यांत हैबतजी बागवान मात्र आडमुठा. त्याणें घाटापलीकडील एका फकिराकडून वेलाची काडी आणिली, कलम बांधिलें, आणि पांच वर्षें घागरीनें पाणी घालोन लेंकरासारिखें वाढविलें. मग घड लागले ते अजब. इतर काळें द्राक्ष चिरिलें तर आंत पांढरें. हें आंतबाहेर लाल. नांव पडिलें रक्तगर्भ. मग हैबतजीनें दगडी कुंडींत द्राक्षें पायें तुडविलीं, सालीसुद्धां सात रांजणांत भरिलीं, आणि फसफस शमल्यावरी रस गाळोन तळघरांत वर्षभर मुरविला आणि तांबडी वारुणी सिद्ध केली. रंग ऐसा चिवट कीं पाय गुडघ्यापावेतों लाल. राखेनें घांसले, चिंचेनें घांसले, आठ दिवस उतरला नाहीं. त्याची बाईल भागूबाई म्हणाली, "अवो, कुनाचा मुडदा पाडून आल्यावानी दिसताय! पाटलाम्होरं जाऊ नगा."

परंतु बातमी दरबारीं गेलीच. अंताजीपंत अमात्य यांणीं मसलत दिली कीं, "ज्या फळास चिरतां रक्त निघे तें राज्यास अरिष्ट. बाग मुळासकट उपटावी." हैबतजी पायां पडोन म्हणाला, "सरकार, पाच सालं घातली हायेत. एक डाव चाखून तरी बघा, मग उपटा." पंतांनीं कानांवर हात ठेविले. "शिव शिव! आम्ही दारूच्या वासासही उभे राहत नाहीं!" मग चौकशीचे कामीं सातही रांजण वाड्यांत जप्त जाहले. हैबतजीस थेंबही चाखावयास मिळाला नाहीं, आणि तो घरीं जाऊन वेलीस कवटाळोन रडला.

मग चौकशी सुरू जाहली. पंत दोष पाहावयास एक घोट घेते जाहले. दोष सांपडेना, सबब दुसरा घेतला. राजोपाध्ये विटाळ किती तें ठरवावयास आले आणि रांजणाशींच बैसले. सेनापतींनीं फक्त झांकण उघडिलें, ऐसें ते अद्याप सांगतात. तिसरे दिवशीं सातही रांजण कोरडे.

चौथे दिवशीं सदर भरली, हैबतजीसही रडत हजर केलें. तेथील रीत ऐसी कीं हुकूम तोंडें तीन वेळ उच्चारिल्याविना शिक्का होत नसे. महाराजांनीं पंतांकडे पाहिलें. पंतांनीं उपरण्यानें तोंड झांकिलें आणि राजोपाध्यांकडे बोट केलें, त्यांणीं मौनव्रत खुणेनें कळविलें, आणि सेनापतींस दाढदुखी उपजली. मग भालदारानें ललकारीस तोंड उघडिलें मात्र, तों जीभ, दांत, हिरड्या अवघ्या तांबड्याजांभळ्या! त्याणें मिटलें तें मिटलेंच. हैबतजीनें रंग ओळखिला आणि रडूं विसरोन हसूं दाबूं लागला. महाराज कोपले, परंतु बोलेनात. त्यांणीं मिशीवर रुमाल धरोन, सदरेंत पांढऱ्या दांतांचा जो एकच मनुष्य होता, त्यास खूण केली कीं हुकूम तूंच बोल.

मग हैबतजी मुजरा करोन खणखणीत बोलिला, "बाग राखावी. बाग राखावी. बाग राखावी. हरकत असंल त्यानं तोंड उघडून सांगावं!"

कोणी उघडिलें नाहीं. शिक्का जाहला.

सारांश, बाग तरली, अरिष्ट टळलें, आणि आठ दिवस दरबारीं कोणी कोणाची चहाडी केली नाहीं. राज्यकारभार इतका सुरळीत पूर्वीं चालिला नव्हता, पुढेंही चालिला नाहीं. लेखनसीमा.