भोकरच्या बाजारातलं मौन

"सहा तास एक शब्द बोलणार न्हाई मी. दगड म्हणजे दगड!" रुद्राणीनं सकाळीच काकूला ठणकावलं.

काकू म्हणजे पार्वतीबाई, ज्या फक्त झोपेत गप्प असायच्या. "घरी गप बसत न्हाईस, अन् बाजारात बसणार?" असं म्हणत त्या पाण्याची बाटली घेऊन सोबत निघाल्या.

रुद्राणी परफॉर्मन्स आर्टिस्ट होती. म्हणजे चित्र काढण्याऐवजी स्वतःच चित्रासारखी लोकांपुढं बसायची. बडोद्यात तिचं नाव होतं. गावात मात्र 'शेषेरावांची पोरगी अजून नोकरीला लागली न्हाई' एवढीच कीर्ती! आता नांदेडच्या एका कला प्रकल्पाला क्युरेटर हवा होता. कुठल्या चौकात कुठली कला मांडायची, हे ठरवणारं माणूस. निवड समितीचे आनंदराज सर तिचं काम बघायला आज भोकरच्या आठवडी बाजारात येणार होते.

मिरचीवाल्यांच्या शेजारी तिनं दोन खुर्च्या मांडल्या. एकीवर स्वतः बसली, दुसरी रिकामी. कुणीही यावं, तिच्या डोळ्यांत बघत बसावं.

तासभर कुणी फिरकलं नाही. मग एका बाईनं विचारलं, "ही बोलत का न्हाई?"

काकूंना भारीच लाज वाटली. "नवस हाय तिचा," त्यांनी ठोकून दिलं. "पण ऐकती समदं!"

झालं! अर्ध्या तासात रांग पार बांगडीवाल्यापर्यंत गेली. नारळ आले, हळदकुंकू आलं, एकीनं तर पायाशी जिवंत कोंबडी आणून ठेवली! रुद्राणी आतल्या आत किंचाळत होती, बाहेरून दगड.

तेवढ्यात निवृत्ती नावाचा एक शेतकरी समोर बसला. "माय, देवणी जातीचा बैल इकत घेऊन राहिलो. घेऊ का?"

नेमकी तेव्हाच तिच्या नाकावर माशी बसली. तिनं मान झटकली, डावीकडं, उजवीकडं.

"न्हाई म्हणती!" अख्खी रांग ओरडली.

पाच मिनिटांत बैलाचा मालक भीमा बैलासकट हजर! "माझा ठरलेला सौदा मोडला! काय खोट हाय माझ्या बैलात? बोल की!"

'माफ करा' तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण अजून दोन तास उरले होते. ती नुसती बघत राहिली. भीमा खुर्चीत आदळला, डोळे वटारून बघू लागला, अन् बघता बघता तेच डोळे भरून आले.

"खरं सांगू का ताई? मलाच इकू वाटंना गेलंय. लई जीव हाय माझा त्याच्यावर." बैलाच्या मानेवरून हात फिरवत तो घरी निघाला. रांगेतल्या बायांनी डोळ्यांना पदर लावले.

आनंदराज सर पोचले ते याच वेळी. "मी निवड समितीकडून…"

"रांगंत या!" बाया कडाडल्या.

दीड तासानं नंबर लागला. सरांनी वही उघडली, पेन काढलं. "आपल्या सादरीकरणामागील संकल्पना…" म्हणाले अन् थांबले. तिच्याकडं बघतच राहिले. शेवटी हळूच म्हणाले, "माझी मायबी अशीच गप ऐकायची." वही तशीच मिटली. काकूंनी त्यांच्या हातावर खोबरं ठेवलं.

रुद्राणीची निवड झाली! महिन्याभरानं ती मोठ्या ऐटीत बाजारात आली, आपल्या कलेनं लोकांत काय बदल केला ते बघायला. बघते तर खुर्चीवर काकू, अन् रांग तिच्या वेळच्या दुप्पट!

"काकू, हे काय गं?"

"मी काय करू?" काकू म्हणाल्या. "लोकंच म्हणले, आधीची पोरगी चांगली होती, पण काही सांगतच नव्हती!"