कूलर, पाटी आणि सासऱ्यांचा चष्मा

कूलर वेळेत मिळावा म्हणून आपण थोडं ओरडू, एवढंच गजेंद्रनं ठरवलं होतं. थोडं! बुलडाण्याच्या दुकानदारावर पठ्ठ्या तीन दिवस फोनवर असा कडाडला, की चौथ्या दिवशी कूलर आला आणि आवाज गेला.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं. "स्वरयंत्राला सूज आहे. सात दिवस तोंड बंद. कुजबुजायचंसुद्धा नाही. ऐकलं नाहीत तर आवाज कायमचा घोगरा!"

बायकोनं, म्हणजे छायानं, त्याच्या हातात पाटी-पेन्सिल दिली. (चेहऱ्यावर काळजी होती. पण बारा वर्षांत पहिल्यांदा तिला घरातला टीव्ही ऐकू आला, हेही खरं.)

तिसऱ्याच दिवशी मोताळ्याहून सासरे टपकले. भगवानरावांनी कूलरसमोर बैठक मारली, शर्टाची दोन बटणं सोडली. "जवाईबापू, पुष्पांजलीच्या लग्नात पाहुण्याइले लय गरम होईन. हा कूलर नेऊ काय?"

गजेंद्रच्या मस्तकात तिडीक गेली. गळा गहाण टाकून आणलेला कूलर! त्यानं पेन्सिल मोडेस्तोवर लिहिलं, 'मुळीच नाही!' आणि पाटी सासऱ्यांच्या नाकाला लावली.

भगवानरावांनी खिसे चाचपले. "चष्मा घरीच राह्यला बाप्पा. छाया, काय म्हनतात वो हे?"

छायानं पाटी पाहिली. मग तिला धाकट्या बहिणीचं लग्न आठवलं.

"म्हनतात, इचारता काय बाबा, घिऊन जा!"

गजेंद्र उडालाच. खसाखसा पुसून लिहिलं, 'ही खोटं बोलते!'

"आता काय म्हनतात?"

"स्टँड बी न्या म्हनतात."

'माझ्या मढ्यावरून न्या!!'

"टेम्पोत नीट बांधा म्हनतात. वायर घासली नाई पाह्यजे."

एक शब्द! फक्त एक शब्द ओठांवर आला होता. पण 'कायमचा घोगरा' आठवलं आणि त्यानं तो गिळला. शेवटी त्यानं धावत जाऊन कूलरलाच मिठी मारली.

भगवानरावांचे डोळे भरून आले. "कूलर द्याचा तर गळाभेट घिऊन! काय मानूस हाये वो!"

आठव्या दिवशी आवाज परत आला. चहासुद्धा न घेता गजेंद्रनं बस पकडली आणि थेट मोताळ्याच्या मांडवात घुसला. समोर त्याचा कूलर, कूलरसमोर सासरे. चष्मा काढून बाजूला ठेवलेला आणि निवांत पेपर वाचणं चाललेलं!

"मी नाही म्हटलं होतं!" गजेंद्र गरजला. "मुळीच नाही, असं लिहिलं होतं! तुमच्या पोरीनं सगळं खोटं वाच—"

कर्रर्र... फुस्स. आवाज पुन्हा बसला.

भगवानरावांनी शांतपणे पेपर त्याच्यापुढे धरला, खिशातला पेन वर ठेवला.

"मले मालूम हाये, जवाईबापू. अक्षर लय साजरं हाये तुमचं, पन लेक वाचे थे जास्त गोड लागे. लिहा, अजून काय म्हनाचं हाये थे. माहा चष्मा दूरचा हाये. जवळचं झकास दिसते मले!"