सुभेदारतात्यांच्या दोन भाकरी

"काटा खोटा हाय! उचला त्यो काटा, कृष्णेत टाका!"

सांगलीतल्या गुळाच्या अडतीत सुभेदारतात्या पारड्यात मांडी घालून ओरडत होते. समोर वजनं चढवता चढवता दोन हमाल घामाघूम झालेले. दवाखान्यातला काटा तात्यांनी पहिल्याच दिवशी असा बसवला होता, की त्याची सुई अजून वर आलेली नाही. तेव्हापासून दर महिन्याला तात्यांचं वजन ढेपांच्या शेजारी व्हायचं.

तात्या आष्ट्याचे, फौजेतून निवृत्त. मी त्यांच्या शेजारचा सडाफटिंग मास्तर. तात्यांना हर्नियानं बेजार केलं होतं. "दहा किलो उतरल्याशिवाय ऑपरेशन धोक्याचं," डॉक्टरांनी बजावलं. "उपास नाही, कसल्या पुड्या नाहीत. महिन्याला दोन किलो, सावकाश. जेवणाला दोन भाकरी, भाजी, आमटी. आणि रोज चालायचं."

"आर्डर म्हंजे आर्डर!" तात्यांनी सलाम ठोकला. चालायला लागले ते असे, की एसटीचे ड्रायव्हर लाजून त्यांना बाजू देऊ लागले. तरी तीन महिने वजन तिथंच.

"खरं सांगा, किती खाता?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन भाकरी! तिसरी खाल्ली आसंल तर कोर्टमार्शल करा!"

तात्या खोटं बोलणारे नव्हेत. म्हणून डॉक्टरांनी मलाच त्यांच्याकडे जेवायला धाडलं.

तात्यांनी स्वतः भाकरी थापल्या. त्यांना दोन, मला दोन. मग तिसरं ताट: चार भाकरी, भरलं वांगं, वर लोण्याचा गोळा. ते काकूंच्या फोटोपुढं ठेवलं. काकूंना जाऊन दोन वर्षं झाली होती. आपलं जेवण उरकून तात्यांनी फोटोला हात जोडले, ते ताट पुढ्यात ओढलं आणि चाटूनपुसून साफ केलं.

"तात्या, हे काय?"

"ह्ये माझं न्हाई, तिचं हाय. बहात्तरचा दुष्काळ बघितलाय आमी. अन्न टाकून देऊ व्हय, मास्तर?"

"मग थोडं कमी वाढा."

"ती कमी जेवायची न्हाई."

मी हे सांगितल्यावर डॉक्टरांनी चष्मा पुसला. मग तात्यांना म्हणाले, "ताट बंद करू नका. फक्त खाणारा बदला." आणि माझ्याकडे पाहिलं.

पाच महिन्यांत तात्या दहा किलो उतरले, ऑपरेशन झकास झालं. मी मात्र असा फुगलो, की माझ्या सदऱ्याची बटणं सुटून तासगावच्या द्राक्षबागांतली पाखरं हाकलू लागली.

तात्या हिंडूफिरू लागल्यावर मी म्हणालो, "तात्या, काम फत्ते. आता मी सुटलो ना?"

त्यांनी फोटोपुढचं ताट उचलून माझ्यापुढं ठेवलं.

"वांगं गार हुतंय. बसा."