तुमच्या घराण्याचं वळण

घड्याळजींच्या मुलानं बाहेरचं दार तपकिरी रंगवायला घेतलं आणि हिरवंगार करून ठेवलं. देखरेखीला त्याचे आजोबा होते, म्हणजे घड्याळजींचे सासरे. लेकीकडेच राहत. "झकास तपकिरी! दुसरा हात मार," असं त्यांनीच फर्मावलं होतं.

घड्याळजींची बायको बाजारातून आली आणि कपाळाला हात लावून दारातच बसली.

"अहो, हे तुमच्या घराण्याचं वळण!"

पोराचं घोरणं, कोंबडीचे पाय काढावेत तसं अक्षर, गणितातला भोपळा, सारं म्हणे घड्याळजींच्या घराण्यातून आलेलं. नाक तेवढं सरळ, ते माहेरचं. घड्याळजी बिचारे वीस वर्षं हे निमूट ऐकत आले होते.

शेवटी सगळं लटांबर डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलं. त्यांनी मुलापुढे रंगीत ठिपक्यांचं चित्र धरलं. "आकडा कुठला दिसतो?"

मुलगा डोळे बारीक करून बघत राहिला. मागून आजोबा वाकले. "अहो बाई, आकडा छापायलाच विसरलेत. नुसते ठिपके आहेत!"

आकडा होता, आणि चांगला ठसठशीत होता.

"रंगांधळेपणा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यात लाजण्यासारखं काही नाही. जगात कुठे बारा पुरुषांत एकाला असतो, कुठे वीस-पंचवीसांत एकाला, कुठे त्याहूनही कमी."

"आमच्या घरात तिघांत दोघांना," घड्याळजी म्हणाले.

"आणि हा आजोबांकडून लेकीत येतो, लेकीकडून नातवात. वडिलांचा यात काडीचा संबंध नाही."

घड्याळजींचे कान तृप्त झाले. सगळं उट्टं एका वाक्यात निघणार होतं. त्यांनी घसा खाकरला, चष्मा पुसला, बायकोकडे वळले, आणि मध्येच सासरे दिसले. म्हाताऱ्याचा चेहरा पार उतरला होता.

"म्हणजे माझ्यापायी पोराला..." एवढंच ते पुटपुटले.

घड्याळजींना फार वाईट वाटलं. "छे हो! आमचे थोरले काका असेच. रंगातलं त्यांना ओ की ठो कळायचं नाही."

"पण त्याचा..." डॉक्टरीणबाई बोलू लागल्या, तोच घड्याळजींना जोराचा खोकला आला.

"बघा बाबा! मी म्हणत नव्हते? यांच्याच घराण्याचं!" बायको तत्परतेनं म्हणाली.

सासऱ्यांचा चेहरा खुलला. "जाऊ द्या जावईबापू, मनाला लावून घेऊ नका," त्यांनी उलट घड्याळजींचीच समजूत काढली.

आजोबा आणि नातू जिना उतरून पुढे गेले. बायको घड्याळजींच्या जवळ सरकली.

"अहो, तुमच्या थोरल्या काकांचं रंगाचं दुकान होतं ना?"

"होतं."

"चांगलं चालायचं."

"फार चांगलं."

ती दोन पायऱ्या उतरली. मग त्यांच्याकडे न बघताच म्हणाली, "पोराचे डोळे तरी तुमच्यावर जायला हवे होते हो."