दरबारची उत्तर फिरली त्याची हकीकत

श्रीदिक्पाळांस दंडवत घालोन, वडिलांचे मुखी ऐकिले तैसे लिहिले असे. शके सतराशे नव्वद, विभवनाम संवत्सरी, एका राज्यात महाराजांनी विजेचा दिवा आणविला. तांब्याची जाड तार सिंहासनाखालोन दक्षिणोत्तर घातली, भर दुपारी पडदे सोडोन दिवा लाविला, आणि मुखकमळ ऐसे झळकले की भाटांनी सूर्यास रजा दिली. राज्याची रीत ऐशी की होकायंत्राची सुई सिंहासनापुढे मांडावी, ती दावील त्या उत्तरेस महाराजांनी तोंड करावे, आणि उत्तरेच्या मोहिमेस समोरच्या वेशीतून फौज काढावी. सुईचे राखणदार चिंतोपंत. त्यांचे धाकटे बंधू विसाजी उत्तरेच्या गडावर वेढ्यात अडकले, दाणा सरला, आणि कुमक धाडा म्हणोन पत्र आले. मग महाराज सिंहासनी विराजले, दिवा लागला, आणि सुई गर्रकन पूर्वेस वळली! महाराज वळले, मग दरबार वळला, आणि दिवाणजी गर्जले, "हीच उत्तर! काढा फौज!"

चिंतोपंत सुई उचलोन सिंहासनाखालच्या तळघरात धावले, तो तारेखाली तीच सुई पश्चिमेस! मग धापा टाकीत वर आले आणि हात जोडोन बोलिले, "महाराज, हे तारेचे काम! वीज वाहते तोवर तिच्याभोवती चुंबकाची ओढ गोल फिरते. वर सुई पूर्वेस, खाली पश्चिमेस. तारेला स्वतःची ना उत्तर ना दक्षिण. क्षणभर दिवा मालवा, माझा भाऊ तिकडे मरतो आहे हो!" महाराज उदार, दिवा मालविला. सुई थरथरत खऱ्या उत्तरेस आली आणि पंत बोलिले, "पाहिलेत, महाराज?"

"पाहिले की!" दिवाणजी म्हणाले. "उजेडात सुई इमानी होती. अंधार पडताच फितूर जाहली!"

वाहवा जाहली, महाराजांनी मान डोलाविली, दिवा पुन्हा लागला, आणि फौज वाजतगाजत पूर्वेच्या वेशीतून नाकासमोर निघाली. चौथे दिवशी समुद्र लागला. तेथे तोफा डागिल्या आणि लाटा मागे हटल्या ऐसे विजयपत्र धाडिले. त्याच दिवशी गड पडला, विसाजी उपाशीपोटी लढता ठार जाहले. चिंतोपंत दरबारात ढसढसा रडले, ते विजयाचे आनंदाश्रू म्हणोन दप्तरी लिहिले गेले.

सारांश, चूक गडाची ठरली. नकाशात तो उत्तरेकडून खोडोन पूर्वेस, भर समुद्रात काढिला, आणि दिशा बरोबर असल्याची सही चिंतोपंतांकडून घेतली.