शिनगारे काकांचे कपॅसिटर

हिशेब मांडायचा तर मालोजी शिनगारे यांना या सगळ्या उद्योगातून दिवसातून दोनदा खाली उतरायचं निमित्त मिळणार होतं. एवढंच. पैसा नाही, पद नाही, पेपरात फोटो नाही. पण ज्या माणसाच्या दाराशी सकाळची दुधाची पिशवी सोडली तर दिवसभर काही येत नाही, त्याच्यासाठी दोन निमित्तं म्हणजे घसघशीत कमाई. चाकणच्या कंपनीत मेंटेनन्सला अडतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले, त्यानंतर वर्षभरात बायको गेली, आणि मुलगा प्रज्वल होसूरला. तो दर रविवारी अकरा वाजता फोन करायचा. फोन सात मिनिटांचा असे. मालोजींनी तो मोजला होता. मोजायची सवय कंपनीची.

पिंपळे सौदागरच्या त्यांच्या सोसायटीची वार्षिक सभा पार्किंगमध्ये भरली होती. चेअरमन गणराज हा टाइल्सचा व्यापारी. कुठल्याही गोष्टीकडे बघताना आधी तिचा स्क्वेअर फुटाचा भाव विचारणारा. त्याने जाहीर केलं की पंप, लिफ्ट आणि जिन्यातल्या दिव्यांचं बिल फार येतंय. नेहमीप्रमाणे एकाने वीज कंपनीला शिव्या घातल्या, दुसऱ्याने पहिल्या मजल्यावरच्यांनी लिफ्ट वापरू नये असं सुचवलं, आणि मागच्या रांगेत मालोजी उभे राहिले. सहा वर्षांत सभेत पहिल्यांदाच.

"पॉवर फॅक्टर खराब आहे आपला," ते म्हणाले.

कुणाला आपलं काही वैयक्तिक निघालंय असं वाटलं.

मग मालोजींनी समजावलं. कंपनीची बस निगडीहून निघते, पन्नास माणसं बसतात. पस्तीस चाकणला उतरून कामाला लागतात. उरलेली पंधरा उतरतच नाहीत, बसल्या बसल्या निगडीला परत येतात. काम शून्य, पण सीट तर अडवली. आपल्या पंपांच्या मोटारी तशीच फुकट फेऱ्या मारणारी वीज मागतात, आणि मीटर सगळ्या सीटचे पैसे लावतं. कपॅसिटर नावाचा डबा बसवला की त्या पंधरा जणांची सोय इथल्या इथे, जणू पारावर. ती बसमध्ये चढणारच नाहीत.

हे सगळ्यांना पटलं. बसचा अनुभव सगळ्यांनाच होता.

कपॅसिटर लागेल तसे आपोआप चालू-बंद करणारं पॅनेल साठ हजाराला मिळत होतं. मालोजी म्हणाले, एवढा खर्च कशाला, नऊ हजारात साधे कपॅसिटर बसतात. पंप सुरू झाला की लावायचे, बंद झाला की काढायचे. मी आहे ना. गणराजने तत्काळ टाळ्या वाजवल्या. एक्कावन्न हजार वाचले असं त्याला वाटलं. मालोजींनी स्वतःला कामावर ठेवून घेतलं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पहिला महिना सोन्याचा गेला. मालोजी इस्त्रीचा शर्ट घालून सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला पंपरूममध्ये हजर. तिथे त्यांनी एक खुर्ची नेली, भिंतीला वही टांगली, वहीत रोजचं रीडिंग. शेजारी जिन्याखाली मंजुळाबाईंचं इस्त्रीचं टेबल होतं. परांड्याकडची बाई, नवरा रिक्षा चालवायचा. सोसायटीला महिना पाचशे देऊन तिथल्या सॉकेटवर ती इस्त्री चालवायची. ती थर्मासमधला चहा झाकणात ओतून द्यायची आणि म्हणायची, "काका, आज काय म्हनतंय तुमचं मीटर?" दिवसाचे एकशे चाळीस युनिट होते, ते एकशे अठरावर आले. येणारे-जाणारे थांबून चौकशी करू लागले. सेक्रेटरी वर्षाली, जी आयटीतली असल्याने फोनवर बोलतच जगायची, तिनेही एकदा कानातलं काढून विचारलं. मालोजींनी उत्तर द्यायला अकरा मिनिटं घेतली.

मग त्यांना हुरूप आला आणि तिथे घात झाला. त्यांच्याच सल्ल्याने सोसायटीने जुने पंप काढून नवे घेतले, जिन्यातले जुने दिवे काढून एलईडी लावले. आता बिल आणखी उतरायला हवं होतं. ते चढलं. एकशे एकतीस.

मालोजींनी आपला जुना क्लॅम्पमीटर तारेला लावला. पॉवर फॅक्टर एकच्या आसपास हवा, तो शून्य पॉइंट सहा. कंपनीतला नियम त्यांना पाठ होता: पॉवर फॅक्टर पडला, कपॅसिटर वाढव. त्यांनी एक वाढवला. एकशे एकोणपन्नास. आणखी एक वाढवला, शिवाय वीज वाया जायला नको म्हणून सकाळी लावायचे ते संध्याकाळीच काढायला लागले. एकशे एक्काहत्तर.

इथे एक नोंद करून ठेवतो. बिल जसजसं चढत गेलं, तसतशा मालोजींच्या भेटी वाढत गेल्या. गणराज आठवड्यातून दोनदा येऊ लागला, वर्षाली दर सोमवारी वहीच्या पानाचा फोटो काढून कमिटीच्या ग्रुपवर टाकू लागली. बिलाची काळजी मालोजींना होती, नाही असं नाही. पण काळजी करायला चार माणसं सोबत असली की काळजीही बरी वाटते.

कमिटीला मात्र आता वेगळाच वास यायला लागला होता. सगळं नवं बसवलं, काका दोन वेळा राबतात, तरी बिल चढतं. म्हणजे कुणीतरी वीज चोरतंय.

त्याच सुमारास मंजुळाबाई भाचीच्या लग्नाला गावी गेली. शनिवार, रविवार, सोमवार. आणि नेमका शनिवारी सकाळी मालोजींना ताप भरला.

तीन दिवस ते नवव्या मजल्यावर पडून होते. कपॅसिटर लावायला कुणी गेलं नाही. काका दिसत नाहीत म्हणून कुणी वर आलं नाही. रविवारी अकराला प्रज्वलचा फोन आला, सगळं ठीक ना, त्याने विचारलं. ठीक, मालोजी म्हणाले. ताप सांगितला असता तर सातची दहा मिनिटं झाली असती, पण वरची तीन मिनिटं औषधांच्या नावांत गेली असती. दाराशी दुधाच्या तीन पिशव्या साठल्या. मालोजी आजारी आहेत हे सबंध सोसायटीत एकट्या मीटरला कळलं होतं, आणि मीटर खूश होतं.

कारण मंगळवारी सकाळी कपॅसिटर लावण्याआधी त्यांनी रीडिंग घेतलं, तेव्हा तीन दिवसांचे मिळून दोनशे अठ्ठावन्न युनिट निघाले. म्हणजे दिवसाला शहाऐंशी.

सवयीने त्यांनी ते वहीत लिहिलं आणि मग तिकडे बघत बसले. थोड्या वेळाने वहीच्या मागच्या पानावर त्यांनी एक काटकोन त्रिकोण काढला. आडवी रेघ म्हणजे कामाची वीज, उभी म्हणजे फुकट फेऱ्यांची, आणि तिरकी म्हणजे मीटर जिचे पैसे लावतं ती. अडतीस वर्षांत त्यांनी हा त्रिकोण हजार वेळा काढला असेल. कंपनीत शंभर-शंभर मोटारी, त्या कधी थांबल्याच नाहीत, त्यामुळे कपॅसिटर जास्त झाले असं तिथे कधी घडलंच नव्हतं. इथे नव्या पंपांना त्यांची गरजच उरली नव्हती. तरी ते एकावर एक चढवले होते. आता फुकट फेऱ्या मारणारी वीज मोटारी मागत नव्हत्या, कपॅसिटरच मागत होते. करंट आधी व्होल्टेजच्या मागे रेंगाळायचा, तो आता पुढे पळत होता. त्यांचा जुना क्लॅम्पमीटर पॉवर फॅक्टर किती ते सांगायचा, मागे की पुढे ते सांगत नव्हता. मीटरला तर मागचा-पुढचा सगळा सारखाच, दोन्हीचे पैसे लागतात.

चोर सापडला होता. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता.

पण तोवर वर्षालीने सोमवारचा राहिलेला फोटो काढून ग्रुपवर टाकला होता, आणि गणराजने चष्मा पुसून दोन आणि दोन चार केले होते. मंजुळाबाई तीन दिवस नव्हती, त्याच तीन दिवसांत बिल निम्म्यावर. संध्याकाळपर्यंत जिन्याखालच्या सॉकेटवर चिकटपट्टी लागली आणि महिनाअखेर टेबल हलवा असं तिला सांगण्यात आलं. पुरावा म्हणून तिला मालोजींचीच वही दाखवली. अक्षर सुंदर होतं.

त्या संध्याकाळी मालोजी काही बोलले नाहीत. हेही लिहून ठेवायला हवं, कारण पुढे त्यांचं कौतुक करायचा मोह होईल. बोलावं तर कपॅसिटर जाणार, खुर्ची जाणार, दोन निमित्तं जाणार, वर अडतीस वर्षांचं नाव जाणार. न बोलावं तर मंजुळाबाई जाणार. ते पंपरूममध्ये बसून राहिले. शेजारी जिन्याखाली मंजुळाबाई कपड्यांची गाठोडी इस्त्री न करता परत बांधत होती. त्यांच्याकडे तिने पाहिलं नाही.

बुधवारी सकाळी ते गणराजच्या फ्लॅटवर गेले. आधी गणित मांडलं: एक किलोवॅटची इस्त्री चोवीस तास तापवली तरी चोवीस युनिट होतात, आणि इथे फरक पंच्याऐंशीचा आहे.

"मग चार इस्त्र्या असतील," गणराज म्हणाला. "नायतर नवरा रिक्षा चार्ज करत असेल."

"त्याची रिक्षा गॅसवरची आहे. ऐका, चूक माझी आहे." आणि मालोजींनी सगळं सांगितलं. त्रिकोण दाखवला. पुन्हा बसच्या उदाहरणावर आले. म्हणाले, बसमधली रिकामटेकडी माणसं उतरून गेली होती, तरी मी त्यांच्यासाठी पारावर पार बांधत राहिलो; आता पारावरचेच बसमध्ये चढून फेऱ्या मारतायत.

गणराजने त्रिकोण आडवा धरून पाहिला, उभा धरून पाहिला. मग त्याने मालोजींच्या खांद्यावर हात ठेवला.

"काका, तुमचं मन लय मोठं आहे. गरीब बाईसाठी स्वतःवर आळ घेताय. पण करंट पुढं पळतोय का मागं, ते मला कळत नाही राव. बाई गेली, बिल उतरलं, एवढं कळतं."

"मी आजारी होतो तीन दिवस. म्हणून उतरलं."

"आजारी होता?" गणराजला खरंच आश्चर्य वाटलं. "बोलला नाहीत."

पायऱ्या उतरून मालोजी खाली आले आणि सगळ्या कपॅसिटरचे फ्यूज काढून त्यांनी खिशात टाकले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून रीडिंग शहाऐंशी. मंजुळाबाईचं सॉकेट बंद आणि बिल निम्मं, हे पाठोपाठच घडलं. तिच्याविरुद्धचा पुरावा आता पक्का झाला, आणि तो मालोजींनी स्वतःच्या हाताने पक्का केला होता. कमिटीच्या ग्रुपवर गणराजला अठरा पुष्पगुच्छ आले, सगळे फोनमधले.

राहता राहिली मंजुळाबाई. तिला मालोजींनी जिन्याखालीच उभं राहून सांगितलं. त्रिकोण काढला नाही. माझ्या डब्यांनी वीज खाल्ली आणि नाव तुझं आलं, एवढंच म्हणाले.

ती बराच वेळ गाठोड्याची गाठ आवळत राहिली.

"वर सांगितलंत का?"

"सांगितलं. ऐकत नाहीत. तुझ्यावर दया करतोय म्हणतात."

"माज्यावर?" ती म्हणाली. पुढे दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही, आणि ते दोन दिवस मालोजींना तापातल्या तीन दिवसांहून लांब गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला दाराची बेल वाजली. दाराबाहेर इस्त्रीचं टेबल होतं, टेबलामागे मंजुळाबाई आणि तिच्यामागे लिफ्टमध्ये दोन गाठोडी.

"सोपा सरकवा," ती म्हणाली.

"कशाला?"

"चूक तुमची ना काका? मंग सॉकेट बी तुमचंच. गॅलरीजवळचं दावा, उजेड हाय तिथं."

मालोजींनी सोफा सरकवला. सहा वर्षं तो एकाच जागी होता. खालची फरशी वेगळ्याच रंगाची निघाली.

सोसायटीचा त्यात आक्षेप घ्यायला काही उरलं नाही, मीटर काकांचं होतं. कपडे मात्र सगळ्यांचेच चुरगळलेले होते. त्यामुळे बेल वाजायला लागली, ती दिवसातून चाळीस-चाळीसदा. लोक मालोजींशी फारसं बोलत नसत. काका, माझे कुर्ते झाले का, निळी पँट आमची नाही, एवढंच. वर्षाली फोनवर बोलत यायची, बोटांनी पाच कपडे दाखवायची आणि बोलतच जायची. मालोजी दार उघडायचे, मोजून घ्यायचे, मोजून द्यायचे. रविवारी अकराला प्रज्वलचा फोन आला तेव्हा मागे इतका गलका होता की पाचव्या मिनिटाला मालोजी म्हणाले, नंतर कर, आत्ता गडबड आहे.

महिन्याभराने गणराजही अकरा शर्ट घेऊन आला. मंजुळाबाईकडे न बघता त्याने मालोजींना दर विचारला. आठ रुपये. गणराज जरा घुटमळला.

"काका, वीज तर आता तुमची आहे ना? सोसायटीचे पाचशेही बाईला द्यावे लागत नाहीत. मग सातने करायला सांगा की."

मंजुळाबाईने इस्त्री उभी ठेवली. "सात," ती म्हणाली. "पन उंद्या न्हाई. परवा."

तेव्हा अखेरचा हिशेब असा. सोसायटीचे महिन्याला तीस हजार वाचले, मंजुळाबाईचे पाचशे वाचले, गणराजचे त्या दिवशी अकरा रुपये वाचले. मालोजींच्या घरचं बिल साडेतीनशेवरून चौदाशे तीसवर गेलं. ते त्यांनी भरलं, मुदतीच्या नऊ दिवस आधी.