पाय निघेना

एका जंगलात एक कासव राहत होतं. बाळांनो, पाठीवर नाचू नका, पडाल. गोष्ट कासवाची आहे, तेव्हा ती हळूच चालणार. ज्याला घाई असेल त्याने माकडाकडे जावं. ते एका गोष्टीत तीन गोष्टी सांगतं आणि एकही पुरी करत नाही.

ते कासव म्हणजे मीच. मला सगळे नाना म्हणायचे.

साठ वर्षं मी एका डबक्यात काढली. डबकं काही वाईट नव्हतं. पण एक दिवस बगळा म्हणाला, "नाना, तुम्ही जंगल पाहिलंच नाही."

मी म्हणालो, "मग हे काय आहे?"

"हे डबकं आहे," तो म्हणाला आणि उडून गेला.

त्या दिवसापासून डबक्यात माझं मन लागेना.

त्याच सुमाराला खारीने 'राहा-पाहा मंडळ' काढलं होतं. जंगलात कुठेही जा, कुणाच्याही घरी उतरा, अगदी मोफत. तोवर उतरायची सोय एकच होती, वडाखालचं कोल्ह्याचं लॉज. तिथे संध्याकाळी उतरलेला पाहुणा सकाळी सापडेलच असं नसायचं.

खार झाडावरून शेपूट उडवत सांगायची, "लॉजवर उतरलं की जंगल नुसतं दिसतं. कुणाच्या बिळात उतरलं की जंगल कळतं!"

नियम दोन होते. पाहुणा निघाला की त्याने यजमानाबद्दल आणि यजमानाने त्याच्याबद्दल पळसाच्या पानावर दोन शब्द लिहायचे. आणि जो दुसऱ्याकडे राहील, त्याने पुढे कधीतरी आपल्याकडे कुणालातरी ठेवून घ्यायचं.

खारीने मला विचारलं, "नाना, तुमच्याकडे पाहुणा उतरणार कुठे?"

मी म्हणालो, "बाई, माझं घर पाठीवर आहे. एकट्यापुरतं. तेही अंगाला शिवलेलं."

तिने माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि पानावर लिहिलं, 'घर स्वतःचं. गच्ची उपलब्ध.'

झालं. मी प्रवासाला निघालो.

पहिला मुक्काम साळिंदराकडे. नवरा-बायको दोघंच. बीळ खोल आणि गार. दार मात्र नेमकं माझ्या मापाचं निघालं. माझं तोंड घरात, शेपटी अंगणात, आणि मधे मी. त्या दोघांना बाहेर पडता येईना.

साळिंदरीण म्हणाली, "असू द्या हो, असू द्या. घरातल्या कंदांवर भागवू."

किती मोठ्या मनाची माणसं, असं मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, "निघतो आता."

"अहो, एवढ्यात? थांबा की," साळिंदर म्हणाला.

मी थांबलो. यजमानाचा शब्द मी कधी मोडत नाही.

सहाव्या दिवशी मी पुन्हा म्हणालो, "आता मात्र निघतो."

"जेवून तरी जा," साळिंदरीण म्हणाली. तिचा आवाज जरा बारीक झाला होता. कंदही बारीक झाले होते. मी जेवलो. जेवण झालं की कासवाला डुलकी लागते. ती डुलकी दोन दिवस चालली.

शेवटी निघालोच. दारात म्हणालो, "बराय, येतो." निघताना जातो म्हणू नये, एवढं मला न शिकवता येतं.

"या हं परत!" दोघं एकदम म्हणाली.

अंगणाच्या कडेला पोचेपर्यंत दुपार झाली. तिथे मी थांबून विचार केला. आपण येतो म्हणालो, ते या म्हणाले. आता न जाणं बरं दिसत नाही. मी वळलो.

दारापाशी आलो तर आतून साळिंदरीण म्हणत होती, "गेले बाई एकदाचे! आता आठ दिवस कुणाला थांबा म्हटलंत तर काटे टोचीन."

मला वाटलं, मी निघाल्यावर आणखी कुणी पाहुणे येऊन गेले असतील. बिचारी दमली असेल. हाताखाली कुणी हवं म्हणून मी लगबगीने दारात शिरलो.

चार दिवसांनी खार स्वतः आली आणि म्हणाली, "नाना, चला, पानं लिहायची आहेत."

साळिंदराने आपलाच एक काटा उपसला आणि भराभरा लिहिलं. मला लिहिता येत नाही. मी पाय चिखलात बुडवला आणि पानावर ठेवला.

खारीने पान उलटंसुलटं करून पाहिलं. मग टाळी वाजवली. "वा नाना! इथून पाय निघेना, असंच ना?"

मी मान हलवली. मान बाहेर असली की ती आपोआप हलतेच.

साळिंदराने दिलेलं पान मी वेलीने पाठीवर बांधलं, म्हणजे पुढच्या यजमानाला पाहुणा कोण आहे ते कळेल. त्यात काय लिहिलंय ते मला वाचता येत नव्हतं, पण अक्षर ठसठशीत होतं. ठसठशीत अक्षरात कुणी वाईट लिहील असं मला वाटलं नाही.

पुढे मी घोरपडीकडे गेलो. तिने माझ्या पाठीवरचं पान वाचलं आणि म्हणाली, "अगं बाई, आम्ही नेमके आजच यांच्या सासुरवाडीला निघालोय."

रानडुकराकडे गेलो. त्यानेही पान वाचलं. तोही सासुरवाडीला निघालेला.

मुंगसाचं तर लग्नही झालं नव्हतं. तेही निघालं.

माझं नशीबच तसं. मी दारात गेलो की सगळं जंगल सासुरवाडीला निघायचं. असा हिंडत हिंडत मी नदीकाठच्या माळावर पोचलो. वैशाखाचं ऊन होतं. झाड नाही, झुडूप नाही. नुसते गोटे. एका गोट्यावर मी पाय टेकणार, तोच डोक्यावर कुणीतरी किंचाळलं.

"अहो! अहो! पाय उचला! माझी लेकरं आहेत ती!"

ती टिटवी होती. मी पाय तसाच वर धरला आणि खाली पाहिलं. गोटे नव्हते. चार अंडी होती. मातीच्या रंगाची, वर काळे ठिपके. आजूबाजूला घरटं म्हणावं असं काही नव्हतं.

"चुकलो, बाई," मी म्हणालो. "पण तुमचं घर कुठे आहे?"

"हेच की. उभे आहात ते." मग ती जरा शांत झाली. "तुम्ही राहा-पाहावाले ना? पाठीवर पान आहे म्हणून विचारते. मला वाचता येत नाही."

"मलाही येत नाही," मी म्हणालो. दोघांनाही बरं वाटलं.

तिच्या नवऱ्याला आठ दिवसांपूर्वी ससाण्याने नेलं होतं. ती एकटीच अंडी सांभाळत होती. ऊन चढलं की नदीवर जायची, पोटाची पिसं भिजवून आणायची आणि अंड्यांवर बसायची. एक खेप चुकली तर अंडी भाजून निघाली असती. आणि ती नदीवर गेली की मागे कुणी नाही.

ती म्हणाली, "नाना, थांबता का जरा? मी आत्ता पाणी घेऊन येते."

मी थांबलो. त्यात माझं काही कर्तृत्व नाही. थांबा म्हटल्यावर थांबण्याखेरीज मला दुसरं काही येतच नाही. ती परत आली तेव्हा माझी सावली अंड्यांवर पडलेली होती. ती मी पाडलेली नव्हती, उन्हाने पाडली होती. पण ती म्हणाली, "किती केलंत हो माझ्यासाठी!"

ती रोज "थांबा" म्हणायची, मी रोज थांबायचो. येताना ती माझ्यासाठी चोचीत ओला पाला आणायची. पाहुणचार म्हणतात तो हाच. पंधरा दिवस गेले. अंड्यांच्या आत टकटक ऐकू यायला लागली.

एका दुपारी जमीन हलली.

डोंगराकडचं टाकं आटलं होतं. गव्यांचा कळप नदीवर पाण्याला निघाला होता, तो सरळ माळ तुडवत. पुढे एक थोराड गवा, मागे धूळ, आणि धुळीत किती होते कुणास ठाऊक.

टिटवी त्यांच्या तोंडावर धावून गेली. ओरडली. पंख मोडल्याचं सोंग करून जमिनीवर फडफडली. त्या सोंगाला कोल्हा फसतो. तहानलेला गवा खाली बघतच नाही.

मग ती माझ्याकडे वळली. "नाना, निघा! तुम्ही तरी कशाला मरता? तुडवतील हो! जा, जा तुम्ही!"

बाळांनो, अख्ख्या प्रवासात पहिल्यांदाच कुणी यजमान मला सरळ जा म्हणाला. थांबा नाही, जेवून जा नाही, परत या नाही. नुसतं जा.

आणि यजमानाचा शब्द मी कधी मोडत नाही.

खोटं कशाला सांगू? अंड्यांचा विचार माझ्या मनातही आला नाही. मी अंड्यांकडे पाठ केली आणि पळालो. अगदी जिवाच्या आकांताने पळालो. दोन बोटं अंतर गेलो असेन. तेवढ्यात पहिला गवा फुरफुरला आणि माझे चारही पाय आपोआप आत गेले. मान आत गेली. शेपटी आत गेली. मी आतून जोर लावला. चारांतला एकही पाय बाहेर निघेना.

मग नुसता आवाज. मी डोळे मिटले होते. आत अंधारच असतो, तरी मिटले होते.

पुढे काय झालं ते मला टिटवीकडून कळलं. गव्याला अंडी दिसत नाहीत. पण वाटेत मोठा धोंडा असला तर तो दिसतो. ठेच कुणाला हवी आहे? पुढचा गवा माझ्या डावीकडून वळला, दुसरा उजवीकडून, आणि मागचे त्यांच्या मागून. कळप माझ्यापाशी दुभंगला आणि पलीकडे जाऊन जुळला. मधे माझ्या शेपटीमागे वीतभर जागा तशीच राहिली. तिथे चार अंडी होती.

बऱ्याच वेळाने माझ्या पाठीवर चोच वाजली.

"नाना! अहो नाना! मी जा म्हणाले तरी गेला नाहीत?"

मी आतूनच खरं ते सांगितलं. "पाय निघेना, बाई."

ती ढसाढसा रडायला लागली. मी पुन्हा म्हणालो, "अहो, खरंच निघेना." ती आणखी रडली.

जंगलभर बातमी झाली. खार पान घेऊन आली. टिटवीने चिखलात पाय बुडवून पानावर ठेवला. तीन बोटांचा ठसा उठला. खारीने डोळे पुसून वाचलं, "पाय निघेना!"

मी म्हणालो, "खारबाई, मी पळत होतो."

"किती तो विनय!" खार म्हणाली.

माझी अडचण अशी आहे, की माझं पळणं आणि माझं थांबणं लांबून सारखंच दिसतं. जवळूनही दिसतं.

मग खारीने माझ्या पाठीवरचं साळिंदराचं पान सोडलं आणि मोठ्याने वाचायला घेतलं. "यांना थांबा म्हणू नये. थांबतात." मग तिने पानाचा वरचा तुकडा कुरतडून खाल्ला आणि उरलेलं पान मंडळाच्या झाडावर सगळ्यांत उंच लावलं. त्यावर आता एकच शब्द आहे: 'थांबतात.'

साळिंदर-साळिंदरीण भेटायला आली आणि म्हणाली, "आमच्याकडे या की परत." मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि जीभ चावली.

चार दिवसांनी अंडी फुटली आणि पिल्लं बाहेर आली. आता आपलं काम नाही, असं म्हणून मी टिटवीला म्हणालो, "बराय, येतो."

ती म्हणाली, "या."

मी माळाच्या कडेपर्यंत गेलो आणि वळलो. काय करणार?

तेव्हापासून मी इथेच आहे. मंडळाचा दुसरा नियमही आता पाळला जातोय. चार पाहुणे माझ्या गच्चीवर उतरलेत, सकाळपासून नाचताहेत, आणि निघायचं नाव काढत नाहीत. तुम्हीच ते, बाळांनो. तुमचं बरोबर आहे. मीच काल तुम्हाला थांबा म्हणालो.

मात्र पळण्याची गोष्ट आईला सांगू नका. मी दोनदा सांगून पाहिली. दोन्ही वेळा तिने मला जास्तीचा पाला आणून दिला.

तात्पर्य: पाहुण्याने वेळेवर निघावं. ते जमत नसेल, तर निदान वेळेवर घाबरावं. लोक त्यालाच माया म्हणतात.